शेंदरी

अंबोनहून सुटलेल्या जहाजात
डेकवर एक गादी भाड्यानं मिळाली.
शेजारी कोंबड्यांची टोपली, पलीकडे एक शिपाई
आणि त्याचा चादरीत गुंडाळलेला टीव्ही.
पहिल्यांदा त्यानंच विचारलं: सेंदिरी?
मला ऐकू आलं शेंदरी.
मी पाठपिशवीकडे पाहिलं. ती निळी होती.

रात्री टॉर्चच्या उजेडात शब्दकोशात सापडलं,
सेंदिरी म्हणजे एकटी.
सेंदिरी म्हणजे स्वतःसुद्धा.
एकाच शब्दात दोन्ही भागवतात ही माणसं,
तरी विचारताना कपाळावर आठी.

मग प्रत्येक धक्क्यावर तेच.
तिकिटं फाडणारा, केळ्याची भजी तळणारी,
मशिदीच्या पायरीवर जाळं सांधणारा म्हातारा.
सेंदिरी?
हो, म्हणायचे मी, मान जरा जास्तच ताठ करून,
सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा अख्खी हाती लागलेली वस्तू
कुणी मागून घेईल म्हणून.

शेवटचं बेट इतकं लहान
की नकाशाची घडी नेमकी त्याच्यावर पडलेली.
ला हारुननं होडी वाळूवर ओढली
आणि वारा फिरला.
परत कधी? उद्या?
बेलुम, म्हणाला. अजून नाही.
परवा?
बेलुम.
'नाही' हा शब्द त्याच्याकडे असेलही,
पण तो खर्चत नव्हता.

वा नुरियाच्या अंगणात चटया,
चटयांवर जायफळं.
मला जायफळ माहीत होतं ते सहाणेवरचं,
बाळाला झोप लागावी म्हणून दोन वेढे,
श्रीखंडात चिमूटभर.
त्याच्या अंगावर लालभडक जाळीचं वस्त्र असतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
ती अंगठ्यानं ते उतरवायची, न फाडता,
झोपलेल्या पोराचा सदरा काढावा तसं.
उन्हात पडलं की त्याचा लाल रंग उतरतो
आणि उरतो, बघा, शेंदरी.
मी एकटीच हसत सुटले.
तिला सांगायला गेले, जमलं नाही.
तीही हसली, सोबत म्हणून.

रात्री तिनं नात पाठवली. रिस्ना,
नऊ वर्षांची, काखेत उशी.
एकट्या झोपलेल्या माणसापाशी
बुडालेले येऊन बसतात म्हणे.
मला राग आला.
एवढे समुद्र ओलांडून मिळवलेली खोली,
दार लावायची कडी,
आणि आता मध्यरात्री पोटावर कुणाची तरी टाच.
सरकवली, परत आली.
तिसऱ्यांदा मी तशीच राहू दिली.
बांबूच्या भिंतीपलीकडे म्हातारी खोकत होती.
मग लक्षात आलं:
नात इकडे, म्हणजे तिकडे ती
सेंदिरी.

सकाळी मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं,
रिस्नाचा बाप?
मासेमारीच्या बोटीवर. कुठल्याशा मोठ्या बोटीवर.
किती दिवस झाले?
तिनं बोटं मोजली, ती वर्षं होती. सात.
आला नाही?
हातातली साल खाली न ठेवता म्हणाली,
बेलुम.

पाचव्या दिवशी समुद्र जरा निवला.
रिस्नानं टरफलासकट एक जायफळ माझ्या मुठीत कोंबलं,
काढून घेतलं, माझ्या कानाशी हलवलं,
परत दिलं.
आत खुळखुळ वाजलं की वाळलं समजायचं,
तेव्हाच फोडायचं, आधी नाही.
हे सगळं हातवाऱ्यांनी.
वा नुरिया धक्क्यावर आली नव्हती.
ऊन होतं, चटया पसरायच्या होत्या.

आता पुन्हा डेक, पुन्हा भाड्याची गादी.
या वेळी शेजारी कुणीच नाही,
पाय लांब करता येतात, दोन्ही बाजूंनी.
मी जायफळ कानाशी धरून हलवते,
इंजिनाच्या घरघरीत काही कळत नाही.
पोटावर हात ठेवून बघते.
मुठीत अख्खं जायफळ आहे
आणि झोप नाही.